मालकाचा होकार

दोन दिवस तंबूत काढायचे आणि त्या बदल्यात शाखाप्रमुखाची खुर्ची पदरात पाडून घ्यायची, असा अधिकाऱ्याचा सरळ हिशेब होता. होकार मिळाला नाही तर बदली, आणि तीही अशा जागी, जिथून माणूस निवृत्त होऊनच परततो.

त्याच्या कंपनीला सुट्टीतली घरं बांधायला ही शेती हवी होती. आधीच्या सहकाऱ्यांना मालकाने फोनवरच झटकून टाकलं होतं. त्याचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं. शेतावर पाहुण्यांना तंबू मात्र भाड्याने मिळायचे, म्हणून अधिकारी पाहुणा होऊन आला. बायकोला सांगितलं, लग्नाचा वाढदिवस.

तंबूत लाकडी पलंग होता, गालिचा होता, पडद्याआड न्हाणीघरही होतं.

"हा आपल्या घरापेक्षा मोठा आहे," बायको म्हणाली. "इथेच राहू. घर भाड्याने देऊन टाका."

शेत नुसतं बघायचं नव्हतं, चालतं होतं. गाई होत्या, कोंबड्या होत्या, मक्याची काढणी सुरू होती. हौस असेल त्या पाहुण्याने कामाला हात लावावा, अशी इथली रीत. शनिवारी सकाळी अधिकारी हौस घेऊन गोठ्यात हजर झाला.

मालक आधीच तिथे उभा होता. साठीचा, गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्यावर गवती टोपी. मालकीणबाई कुंपणाला टेकून कौतुकाने बघत होत्या.

"मालक, तांबडीला चरायला सोडू?" गोठ्यातल्या गड्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?" मालक म्हणाला.

"सोडावी."

"मग सोड!"

नोकराला विचारून काम करणारा माणूस, अधिकाऱ्याने मनाशी नोंद केली. याला गोडीनेच घ्यावा लागेल. त्याने फावडं उचललं आणि शेण ओढायला लागला.

"बघा हो काकू," बायको मालकीणबाईंना म्हणाली, "घरी स्वतःचा कप उचलून ठेवत नाही हा माणूस."

"आमच्याकडेही तेच," मालकीणबाई म्हणाल्या. "इथे आल्यापासून मात्र उत्साह बघा नुसता."

मालकाने स्वतः शेणाला हात लावला नाही. गाय जवळ आली की दोन पावलं मागे सरून तिच्याकडे डोळे बारीक करून बघायचा. मुरलेला शेतकरी, अधिकाऱ्याला वाटलं. असा माणूस काम करत नाही, करवून घेतो.

दुपारी हातपाय धुऊन अधिकाऱ्याने शेतघराच्या अंगणात विषय काढला. आता हा काठी उगारणार, या तयारीने तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. मालकाचे डोळे मात्र लकाकले.

"जमीन मागायला आलात होय! अगं ए, बाहेर ये. हे जमीन मागायला आलेत!"

मालकीणबाई पदराला हात पुसत धावत आल्या. "अगं बाई! बसा ना नीट, मागे सरकून बसा."

मालक उठला, येरझाऱ्या घालू लागला. मग वाकून त्याने मूठभर माती उचलली. "ही माती नाही साहेब, आई आहे माझी. आईला कुणी विकतं?" मालकीणबाईंनी डोळ्याला पदर लावला.

जो आधी आई म्हणतो तोच पुढे भाव सांगतो, हा अधिकाऱ्याचा आजवरचा अनुभव होता.

मागे बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मी पाहुणी नाही," ती म्हणाली, "गळाला लावलेलं गांडूळ आहे."

"अगं, दोघांच्या भल्यासाठीच—"

"दोघं म्हणजे तुम्ही आणि तुमचे साहेब ना?"

त्या संध्याकाळी ती एकटीच तळ्याकडे फिरून आली आणि एकटीच जेवली.

रविवारी नाश्त्यानंतर घासाघीस झाली. मालक रंगात आला होता. टेबलावर थाप मारायचा, पाठ फिरवायचा, पुन्हा येऊन बसायचा. "माझ्या मढ्यावरून घ्या जमीन!" असंही एकदा म्हणाला.

"अहो, मुलांचा विचार करा," मालकीणबाई म्हणाल्या.

"मुलं? कुठली मुलं?" मालक गोंधळला. मग मान हलवत म्हणाला, "हो, मुलं! परदेशात बसलीत लेकाची. बापाची आठवण कुणाला आहे?"

अधिकाऱ्याला त्याची दया आली. मुलांचं नावसुद्धा नको झालेला बाप! त्या भरात त्याने कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊन भाव सांगितला.

मालकाने टोपी काढून छातीशी धरली. "तुमच्या शब्दाखातर. घ्या, दिली!"

हातात हात पडला. मालकीणबाईंनी हौसेने फोटो काढला. अधिकाऱ्याने तो लगेच साहेबांना पाठवला. सोमवारी खुर्ची तुमची, असं उत्तर आलं. साहेबांनी वरच्यांनाही कळवून टाकलं होतं.

"पुढच्या वर्षी खराखुरा वाढदिवस करू," बॅग भरताना अधिकारी म्हणाला.

"कुणाबरोबर, ते ठरवून ठेवा," बायको म्हणाली.

दुपारी निघायची वेळ झाली. फाटकाशी छोटी कचेरी होती. आत एक बाई पावत्या करत होती. अधिकारी तंबूचे पैसे भरत असतानाच मालक आणि मालकीणबाई आले. मालकाने गमबूट काढून कोपऱ्यात नीट लावले, टोपी खुंटीला अडकवली आणि शेतघराची किल्ली बाईंसमोर ठेवली.

"कसे गेले दोन दिवस मालक म्हणून?" बाईंनी विचारलं.

"झकास! पुढच्या वेळी भावालाही आणतो. खरे मालक भेटले असते तर आभार मानले असते."

"ते शनिवार-रविवार थांबत नाहीत. गर्दी आवडत नाही त्यांना."

"आणि ते जमीन मागणारं पात्र!" तो अधिकाऱ्याकडे वळला. "हे तुमच्या माहितीपत्रकात नव्हतं हो. काय बेमालूम काम केलंत!" त्याने खिशातून एक नोट काढून अधिकाऱ्याच्या मुठीत कोंबली. "नाही म्हणू नका. तुम्हा कलाकारांना मिळतं तरी किती?"

तंबूचे पैसे अधिकाऱ्याने भरले, शेतघराचे त्या दोघांनी. जमिनीपोटी म्हणाल, तर एवढी एक नोट काय ती इकडून तिकडे गेली.