गंगीची भिंत

“मावशी, तिसराही गर्भ गेला. ही गाय कळपातून काढा,” डॉक्टरसाहेब म्हणाले. काचेच्या बशीत त्यांनी सात दिवस वाढवलेला गर्भ गंगीच्या पोटात टिकला नव्हता. “गर्भ वाढवायच्या आमच्या द्रावणात जस्त, तांबं, सेलेनियम, सगळं अगदी मोजून असतं. खोट गायीतच आहे.”

“आधी गोठ्यात चला,” मी म्हटलं. तिथं गंगीनं भिंतीचा गिलावा चाटून चाटून आतल्या विटा उघड्या पाडल्या होत्या.

“बशीतल्या ठिपक्याला जस्त, आणि त्याला पोटात वागवणारीनं भिंत खायची? हिला खनिजांचं चाटण द्या म्हणून तीन अर्ज केले मी. साठीला टेकल्यावर लिहायला शिकले, ते काय तुमच्या फायलीचं पोट भरायला?”

साहेबांनी उघड्या विटांवरून हात फिरवला. “खरंय मावशी. उद्याच सोय करतो.”

मला वाटलं, गंगी वाचली.

सकाळी गवंडी आला. गोठ्याच्या भिंतीला सिमेंट लावायचा साहेबांचा हुकूम होता.

मी गंगीला सोडलं आणि प्रयोगशाळेच्या दाराशी नेऊन बांधलं. साहेब येईपर्यंत तिनं त्यांची चुना दिलेली भिंत चाटायला घेतली होती.