सहा बाटल्या

नदीकाठची झाडी तोडून शेतं थेट पाण्याला भिडली. महिनाभर रिमझिमणारा पाऊसही आता एका दुपारीच कोसळून सगळं खत नदीत लोटायचा. गावाच्या नळाला पाणी याच नदीचं. पण काठावर गुडघाभर चिखल झाला, तसं पाणी तपासणाऱ्या साहेबांनी तिकडे फिरकणंच सोडलं. नमुन्याच्या सहाही बाटल्या ते ऑफिसातल्या फिल्टरखाली भरायचे, वर नदीचं लेबल डकवायचे आणि अहवालावर झोकात सही ठोकायचे. एवढ्याने कोण मरतंय!

परवा त्यांचा दोन महिन्यांचा नातू निळा पडायला लागला.

डॉक्टरांनी बाळाचे ओठ पाहिले, नखं पाहिली. "दुधाची पावडर नळाच्या पाण्यात कालवता?"

"हो, पण उकळून," सून म्हणाली.

"पाण्यात खत उतरलं तरी तान्ही मुलं अशी निळी पडतात, आणि ते उकळून जात नाही. म्हणून आधी तुमच्या गावचा पाण्याचा अहवाल बघितला. पाणी स्वच्छ आहे. म्हणजे दोष हृदयातच असणार. उद्या तपासू. तोवर दूध चालू ठेवा."

सुनेने घरून भरून आणलेली दुधाची बाटली काढली, पण बाळाच्या तोंडाला लावण्याआधी ती शेजारी उभ्या सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, पाणी तर तुम्हीच तपासता. खरंच चांगलं आहे ना हो?"

डॉक्टर अजून दारातच उभे होते.



"माझी सही आहे त्यावर," सासरे म्हणाले. "पाज तू."