आग्नेयेची फरशी

टक्. टक्. टक्.

सर्वेश गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघरातली एकेक फरशी लाकडी दांड्याने वाजवत होता. बिल्डरचा इंजिनिअर तो, ओल बघायला आलेला. दुपारचे अडीच वाजले होते. सतराव्या मजल्याच्या खिडकीतून घोडबंदर रोड गाड्यांनी गच्च भरलेला दिसत होता, पण त्याचा आवाज एवढ्या वर पोचत नव्हता. घरात फक्त ती टक्-टक्. दाराशी पाटावर बसलेल्या हौसाबाईंची मान त्या ठेक्यावर आपोआप डोलत होती. कीर्तन उभं राहण्याआधी मृदंगवाला असाच बोटांनी अंदाज घेतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ओल आधी तळहाताएवढी होती, मग परातीएवढी. आता ती भिंतीच्या पलीकडे, हौसाबाईंच्या खाटेच्या उशाशी पोचली होती. महिनाभर त्यांचा खोकला हटत नव्हता. पडल्या पडल्या त्या ओलीकडे बघत राहायच्या. कधी ती ढगासारखी वाटायची, कधी गावच्या तळ्यासारखी. डोळा लागता लागता तळ्याच्या काठी कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसायचं.

सून निशिगंधा हमीचं पुस्तक दोनदा वाचून बसली होती. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं गळती, ओल, भेगा, बांधकामातला कुठलाही दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. पाच वर्षं पुरी व्हायला नऊ दिवस उरले होते. पण खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. राहणाऱ्यांनी फरशी किंवा भिंत उकरली असेल, तर हमी संपली.

"आई, तो आला की तुम्ही फक्त चहाचं विचारायचं," असं तिने सकाळीच सासूला बजावलं होतं.

टक्. टक्. टप्प.

सर्वेश थांबला. ओट्याखालच्या कोपऱ्यातली फरशी. त्याने पुन्हा वाजवून पाहिली.

"मॅडम, ही पोकळ वाजतेय. कधी काढलेली का?"

"छे! कुणी हातसुद्धा लावला नाही. तिच्याखाली काही ना—"

"गप!" हौसाबाई ताडकन उठल्या. "पुढं बोलू नगंस."

"आई, अहो!"

"खाली काही न्हाई म्हणतीस? आन् त्यानं तथास्तु म्हटलं म्हंजे?"

सर्वेशने मान वर केली. "कोणी, आजी?"

"आरं, वास्तुशांत केली तवा गुरुजींनी ही फरशी उचलायला लावली. आग्नेय कोपरा. हितं वास्तुपुरुष निजवलाय, पालथा. घरात जे बोलशील त्याला त्यो तथास्तु म्हणतो. वर्तकनगरच्या देवळातलं बुवा सांगत्यात, त्येला खरं-खोटं निवडता येत न्हाई, नुसतं ऐकू येतं. ही म्हणणार खाली कुणी न्हाई. त्यो खरंच उठून गेला तर?"

"झालं! सांगितलंत सगळं! आता बसा खोकत जन्मभर!" निशिगंधा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

हौसाबाईंनी घाईघाईने फरशीला हात लावून तो कपाळाला नेला. "लेकरू हाय. मनावर घेऊ नगं."

सर्वेशला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "डोंबिवलीला आमची आईपण असंच म्हणते. पण आजी, आता मला फॉर्मवर लिहावं लागेल. फरशी उकरलेली आहे म्हणून."

"लिही की."

"क्लेम जाईल तुमचा."

"जाऊ दे. खोकला माझ्या एकलीचा हाय. खाली निजलाय त्यो समद्या घराचा हाय."

सर्वेशने फॉर्म बाजूला ठेवला. मग त्याने छिन्नी काढली. "उघडून बघू?"

हौसाबाई वाकल्या, कोपऱ्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "जरासं हलवतोय रं बाबा. जागा होऊ नगंस."

फरशी उचलली. खाली ओंजळीएवढा खळगा होता. त्यात बोटाएवढी तांब्याची प्रतिमा पालथी, आणि तिच्या भोवती मूठभर धान्य: गहू, तीळ, मूग, हरभरे. सर्वेशने हात पुढे केला, मागे घेतला, मग विचारलं, "घेऊ एक?"

हौसाबाईंनी मान हलवली.

गव्हाचा दाणा त्याने बोटांत धरून दाबला. दाणा कडक होता. खाली अंगठा फिरवला, तर अंगठ्याला कोरडी धूळ लागली.

"मॅडम, इथून पाणी शिरत असतं ना, तर पाच वर्षांत याला मोड येऊन कधीच कुजलं असतं. हे तर ठणठणीत आहे. तुमच्या फरशीचा काही संबंध नाही. भिंतीतला पाइप गळतोय. आमचं काम आहे ते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऑफिस.

"हां सर. हो, टाइल उघडलेली आहे, पण पाणी इथून—"

पलीकडचा आवाज चढा होता. 'रिजेक्ट' हा शब्द दोघींनाही ऐकू आला. सर्वेशने उत्तराला तोंड उघडलं. त्याची नजर खळग्याकडे गेली. त्याने फोन छातीशी धरला, झपझप बाहेर गेला आणि उंबरठ्यापलीकडे जाऊन दार ओढून घेतलं.

जिन्याशी तो भांडत होता. शब्द कळत नव्हते. हौसाबाई खळग्याशी बसल्या होत्या. निशिगंधाही येऊन त्यांच्या शेजारी टेकली आणि पदराने प्रतिमेच्या पाठीवरची धूळ पुसू लागली, अगदी हलक्या हाताने. बाहेर रस्त्यावर सगळ्या गाड्या एकाच जागी थांबल्यासारख्या होत्या. किती वेळ गेला, दोघींनाही कळलं नाही.

दार उघडलं. सर्वेशचे कान लाल झाले होते. तो निशिगंधाशी बोलला नाही, हौसाबाईंशीही नाही. सरळ कोपऱ्याशी आला, उकिडवा बसला आणि खाली वाकून, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

"भिंत कंपनी फोडणार. पाइप कंपनी बदलणार. याच आठवड्यात."

मग तिघंही खळग्याकडे कान देऊन बसली. अजून कुणीतरी बोलायचं बाकी होतं.