दोषासकट गेम

यंदा भाऊबीजेला मी ताईला व्हिडिओ गेममध्ये हरवलं. तसं काही झालंच नाही, असं नंतर घरात ठरलं.

पैज लहानपणापासूनची आहे: हरेल त्याने चकल्यांची कढई घासायची. यंदा आमचं गेम खेळायचं जुनं मशीनच मेलं, म्हणून मी लॅपटॉपवर त्याची नक्कल करणारा एम्युलेटर टाकला. त्यात 'वेगवान' आणि 'अचूक' असे दोन पर्याय होते. मी वेगवान निवडला आणि दोन मिनिटांत जिंकलो.

"हा आपला गेमच नाही," ताई म्हणाली. "आपल्याकडे पुलावर पाच राक्षस आले की सगळं अडखळायचं. मी तेव्हाच तर उडी मारायचे."

"अगं, तो मशीनचा दोष होता!"

"मग दोषासकट लाव."

आईने पहिला डाव रद्द केला. मी जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा 'अचूक' लावला. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला, पुलावर सगळं अडखळलं, ताईने चकली खात निवांत उडी मारली आणि मी सवयीने नदीत पडलो.

सबब, संबंधितांना नम्र विनंती की सदर दोष पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त करून गेल्या एकोणीस वर्षांच्या कढया ताईकडून पुन्हा घासून घ्याव्यात.