अभिमन आबांची बंदूक

"आबा, उघडून दाखवा."

मुद्देमाल सांभाळणाऱ्या शिल्पानं दुनळी बंदुकीवरचं लाखेचं सील तोडलं, नंबर कोर्टाच्या हुकुमाशी ताडून पाहिला आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवली. पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीचा नियम साधा होता. हत्यार परत देताना ते रिकामं आहे हे दाखवायचं, आणि तेही परवानाधारकानं, स्वतःच्या हातानं. मगच रजिस्टरात सही, मगच बंदूक घरी.

अभिमन आबांनी टोपी सारखी केली. अकरा महिने ते याच दिवसाची वाट पाहत होते. दर बाजारच्या दिवशी यायचे आणि खिडकीशी उभं राहून विचारायचे, "ताई, तिला तेल लावता का?" शिल्पा सांगायची, "सीलबंद आहे आबा, हात लावता येत नाही." आबा बाहेर बाकावर बसलेल्या बायकोकडे, भागाबाईंकडे जायचे आणि लगेच परत यायचे. "मग भिंतीला उभी नका ठेवू, आडवी ठेवा." पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बंदुकीवर एवढी माया करणारा माणूस शिल्पानं कुठे पाहिला नव्हता!

माया असणारच की! त्या बंदुकीनं नवराबायकोचा जीव वाचवला होता. भर दुपार, सगळं गाव दोंडाईच्याला लग्नाला गेलेलं आणि मळ्यातल्या घरात कापूस पार छतापर्यंत भरलेला. तिघं चोर टेम्पो घेऊन आले. एकानं आबांच्या गळ्याला कोयता लावला. पुढचं आबांच्या जबाबात असं होतं: त्यांनी हिसडा दिला, स्वयंपाकघरात धाव घेतली, रानडुकरांसाठी परवान्यावर घेतलेली बंदूक उचलली आणि मागे धावत आलेल्या कोयतेवाल्याच्या पिंढरीत दारातूनच छर्रे घातले. अडुसष्ट वर्षांचा, गुडघे धरलेला माणूस! कोर्टानंही मानलं, जीव वाचवायला झाडली, गुन्हा नाही. तेव्हापासून हवालदार झुलालभाऊ आबांना बघितलं की खुर्ची पुढे करायचे. "या हिरो, बसा!"

पण हिरो अकरा महिने पुतण्याच्या ओसरीवर झोपत होते. दोघं चोर जामिनावर सुटलेले. मुद्दाम मळ्यावरून मोटारसायकल फिरवायचे. बंदूक परत मिळाल्याशिवाय मळ्यात पाऊल टाकणार नाही, असं भागाबाईंनी सांगूनच टाकलं होतं. आज मात्र त्या पिठाचा डबा बरोबर घेऊन आल्या होत्या. संध्याकाळची भाकर स्वतःच्या चुलीवर.

"उघडा ना, आबा."

आबांनी बंदूक उचलली. नळी धरून वाकवायला गेले. हलेना. दस्ता मांडीवर टेकवून जोर लावला. तरी हलेना. मग त्यांचं बोट चाचपडत चापावर गेलं.

"अहो, चाप नाही!" शिल्पा किंचाळली.

झुलालभाऊ टेबलाखाली. तिथून आवाज आला, "हिरो, आम्हालाबी पोरंबाळं आहेत हो!"

"गंजली असंल," आबा पुटपुटले. कपाळावर घाम आला होता.

शिल्पाचं पेन रजिस्टरावर थबकलं. बंदूक उघडली नाही तर पुन्हा सील आणि साहेबांना रिपोर्ट. आणि साहेब पहिलं हेच विचारणार, की बावीस वर्षं परवाना बाळगणाऱ्याला स्वतःची बंदूक उघडता कशी येत नाही?

भागाबाईंनी डबा खाली ठेवला.

"बाजूले व्हा."

त्यांनी बंदूक अशी घेतली, जशी रोजची परात घ्यावी. अंगठा वरच्या कळीवर गेला. कट्! बंदूक मधोमध वाकून उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या. त्यांनी डावा डोळा मिटला, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या आणि आत फुंकर मारली.

"डावी नळी पुरी गंजी गयी," त्या करवादल्या. "मी गोळी झाडी, मंग साफ कराले येळच नही भेटना मले."

बोलून गेल्या आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं.

आबा पटकन बायकोच्या पुढे येऊन उभे राहिले. "ताई, परवाना माझ्या नावावर आहे. झाडली ती मी. कोर्टात हात वर करून सांगितलंय. तिचं नाव कुठंच नाही. कुठंच यायला नको."

गळ्याला कोयता लागला तेव्हा हा माणूस कसा दिसला असेल कोण जाणे. आत्ता मात्र तो शिल्पाला फार उंच वाटला.

तिनं झुलालभाऊंकडे पाहिलं. टेबलाखालून निघालेल्या झुलालभाऊंना एकदम चहाची आठवण झाली. "मी चार कप सांगून येतो," म्हणत ते बाहेरच गेले.

शिल्पानं रजिस्टरात लिहिलं, 'हत्यार रिकामे. परवानाधारकाच्या ताब्यात दिले.' आबांनी सही केली. शिक्का बसला.

"झालं ना, ताई?"

"नाही. एक राहिलं."

भागाबाईंनी पिठाचा डबा पोटाशी धरला.

शिल्पानं ड्रॉवर ओढला, शस्त्र परवान्याचा एक कोरा अर्ज बाहेर काढला, 'अर्जदाराचे नाव' या ओळीपुढे पेन्सिलीनं फुली मारली, आणि तो कागद आबांच्या हातावरून पुढे सरकवत भागाबाईंसमोर ठेवला.