अ‍ॅम्पची घूंघूं

भानुदासरावांनी सकाळपासून चौथ्यांदा गिटारच्या तारा पिळल्या आणि वैतागून पुन्हा सैल सोडल्या. संध्याकाळी जुन्या ऑर्केस्ट्राची मंडळी वाजवायला जमणार होती आणि इथं सूर काही लागत नव्हता.

समोर त्यांचा व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर तापून मुकाट बसला होता. लेकीनं तो कौतुकानं दुरुस्त करून आणला होता. "चाळीस वर्षांची घूंघूं गेली बघा, बाबा!"

"अगं, त्या घूंघूंवरच तर मी तारा लावायचो!"

लेक ओशाळली. मग जमिनीवर बसून तिनं डोळे मिटले आणि लहानपणी जिच्या सोबतीनं रोज झोप लागायची, ती घूंघूं घशातून काढली.

भानुदासरावांनी घाईघाईनं तिसरी तार छेडली, पिळली. जुळली!

"थांबू नकोस गं," ते म्हणाले, "अजून पाच राहिल्यात."