अंगात कणकण

धर्मप्रचारासाठी परदेशी आलेल्या त्या तरुण मिशनऱ्याने तिथली भाषा अगदी घोटून घेतली होती. त्याच्या जोडीदाराला मात्र धड एक वाक्य जुळवता येत नव्हतं. तरी आठवडाभर लोक प्रत्येक दारात हसून त्या जोडीदारालाच आत बोलवायचे आणि हा आपला मागून बूट काढत आत शिरायचा. "याला काय सोनं लागलंय?" असा त्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

शनिवारी जोडीदार पांघरूण ओढत म्हणाला, "अंगात कणकण आहे रे, आज तू एकटाच जा." याला आतून गुदगुल्याच झाल्या. आणि काय आश्चर्य! न्हाव्याने स्वतः उठून खुर्ची दिली, शिंपीणबाईंनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. छाती फुगवून तो शेवटच्या घरी पोचला, तर तिथल्या आजींनी चहाच पुढे केला.

"जोडीदार नाही आला आज," तो खुशीत म्हणाला, "ताप आलाय त्याला."

आजी हसल्या.

"ताप कसला! काल संध्याकाळी दारोदार हात जोडून मोडकंतोडकं सांगत फिरत होता, 'उद्या माझा भाऊ एकटा येईल, त्याला परत पाठवू नका.'"